पाळणा थांबेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी कुरकुरते, दोन कळांवरची अक्षरे पुसली गेली आहेत. तरीही शिलाई मशीनशेजारची मानाची जागा माझीच आहे.

या घरातली आई कपडे शिवते. कोणता भाग कसा कापायचा, याचे तिने वर्षानुवर्षे आखलेले नमुने माझ्या पोटात आहेत. ते उघडणारा प्रोग्राम फक्त माझ्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. पण ती सिस्टिम फार संथ झाली होती. ताईचा, म्हणजे बाळाच्या दहा वर्षांच्या बहिणीचा, ऑनलाइन वर्ग अर्धा उरकायचा, तरी मी आपला गोल चकती फिरवत बसलेलो. "याला भंगारात द्या की," काका येता-जाता म्हणायचे. मी काय बोलणार? माझा पंखा तेवढा घरघरायचा.

मग दुरुस्तीवाल्या मावशी आल्या. त्यांनी मला पुसून टाकले नाही. थोडी जागा मोकळी करून जुन्या सिस्टिमच्या शेजारी एक हलकीफुलकी नवी सिस्टिम बसवली. "एका घरात दोन बिऱ्हाडं," त्या हसून म्हणाल्या. सुरू होताना मी दोन्हींची यादी दाखवणार आणि दहा सेकंद थांबणार. कोणी काही निवडले नाही, तर नवी उघडणार. त्यांनी हे नीट समजावले खरे, पण तेव्हा आईच्या कडेवर बाळाने रडून घर डोक्यावर घेतले होते.

दुसऱ्या दिवशी आईने माझे बटण दाबले आणि ती पाळण्याला झोका द्यायला गेली. परत येऊन पाहते तर अनोळखी पडदा. नमुन्यांचा पत्ता नाही. नाटकमंडळीचे बारा पोशाख शनिवारी द्यायचे होते. तिने मला तीनदा बंद-चालू केले आणि तिन्ही वेळा बाळाने हाक दिली.

"गेलं सगळं," ती हळूच म्हणाली.

"माझ्या वर्गासाठी केलं, म्हणून ना?" ताईने विचारले. आई रागावली नाही, त्यामुळे ताईला अधिकच रडू आले. सगळे जागच्या जागी आहे, हे मला सांगता येत नव्हते.

शेवटी ताईने मावशींना फोन लावला. पलीकडून काही विचारणा झाली, तशी ती आईकडे वळली. "आई, बटण दाबल्यावर तू कुठे जातेस?"

"बाळाकडे. आणखी कुठे जाणार?"

या वेळी ताई माझ्यासमोरून हलली नाही. यादी आली, तिने खालची ओळ निवडली आणि बाह्या, गळे, घेर, सारे नमुने पडद्यावर उभे राहिले. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी विसरलेलो नाही.

मग मावशींच्या सांगण्याप्रमाणे ताईने माझी दहा सेकंदांची अट काढून टाकली, आणि नमुन्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवरही ठेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला निरोप देण्याआधी तिच्यात अजून थोडी जागा आहे का, ते जरूर पाहा. मी आता यादी मांडून पाळणा थांबेपर्यंत आईची वाट पाहतो. मला घाई नाही. माझ्यासाठीही कोणीतरी थांबले होतेच ना.