चित्रात अंडं आहे

बेकरीवाल्या ताईला लेबलांचं वेड आहे असं लोक म्हणायचे. खरं तर नियमच तसा होता. कुणाचा शेंगदाण्याने घसा सुजतो, कुणाच्या अंगावर दुधाने पुरळ उठतं, म्हणून प्रत्येक पदार्थासमोर त्यात काय आहे ते लिहायचं आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर काही न लपवता सांगायचं. इतर दुकानदारांना त्याचा जाच वाटायचा. ताईच्या मात्र तो नियम स्वभावातच होता.

तिचा धाकटा भाऊ चित्रकार, माणसांची चित्रं काढणारा. घरात त्याला सगळे 'राजे' म्हणत, कारण कामाला हात लावायचा तो मर्जी असेल तेव्हाच. आपली पहिलीवहिली विक्री राजेंनी ताईच्या बेकरीतच मांडली होती. पावांच्या फळ्यांवर पोस्टमन, न्हावी, वर्गात पेंगणारी मास्तरीणबाई. आणि भट्टीशेजारच्या भिंतीवर आई. वर्षापूर्वी गेलेली त्यांची आई स्टुलावर बसलेली, हात पिठाने माखलेले, एका पायातली चप्पल कुठेतरी भिरकावलेली. त्या चप्पलेला आयुष्यभर घरातले सगळे अडखळले होते आणि ताई आयुष्यभर तिच्यावरून करवादली होती.

त्या चित्राला किमतीची चिठ्ठी लावलेली पाहून ताईला ती उपटून टाकावीशी वाटली. पण बोलणार कशी? सगळ्यात देखणं चित्र तेच, आणि ते विकलं गेलं तर राजेंचं नाव होणार. ती सकाळभर त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मग तिला आठवलं, हे महाराज मातीचे रंग अंड्याच्या बलकात कालवतात. तिने झटक्यात लेबल लिहिलं, 'यात अंडे आहे', आणि चित्राखाली चिकटवलं. कुणीतरी बिचकेल, अशी वेडी आशा. चित्र चाटणार आहे का कोणी, असं राजेंनी विचारलं, तर नियम म्हणजे नियम, असं सांगून तिने त्यांना गप्प केलं. अक्रोडही लिहावा असं तिच्या मनात आलं होतं, पण पेन पुढे सरकेना. खोटं लेबल तिने जन्मात लिहिलं नव्हतं.

बिचकलं कुणीच नाही. उलट कोपऱ्यावरची दातांची डॉक्टरीणबाई लेबल वाचून खुदकन हसली आणि चित्रासमोरून हलायचं नाव घेईना. शेवटी पर्स उघडत तिने ताईला विचारलं, "अंड्याशिवाय आणखी काय आहे यात?"

आता गिऱ्हाइकाने विचारलं होतं.

"लाल माती आहे, पाणी आहे," ताई म्हणाली. "आणि माझी आई आहे. मला हे विकायचं नाहीये."

राजेंनी हातातला चहा खाली ठेवला. "अगं, मग सांगायचं ना. तू बघतसुद्धा नव्हतीस त्याच्याकडे. मला वाटलं, तुला त्रास होतोय, जाऊ दे एकदाचं डोळ्यांसमोरून."

"बघितलं असतं तर पिठात रडले असते," ताई म्हणाली. मग डोळे पुसता पुसता दोघंही हसायला लागली.

डॉक्टरीणबाईने पर्स मिटली नाही. तिची आई घरी होती, चांगली धडधाकट, फक्त एका जागी टिकत नसे. तिला कसंही करून बसवते, असंच चित्र काढून द्याल का, असं तिने विचारलं. राजेंनी मर्जीबिर्जी न बघता जागच्या जागी होकार दिला. ताईला इतका आनंद झाला की तिने डॉक्टरीणबाईला केक बांधून दिला, अर्थात लेबलासकट.

संध्याकाळी तिने किमतीची चिठ्ठी काढून टाकली. लेबल मात्र राहू दिलं, अंडं होतंच त्यात. दुसऱ्या दिवशी चित्राखाली उभी राहून पीठ मळताना ती गुणगुणत होती. मधेच मान वर करून तिने नेहमीच्या सुरात दटावलं, "आई, ती चप्पल घाल बघू आधी."