साडेतेरा इंच

चाळीस वर्षं मी कटिंग मास्तर होतो आणि त्या चाळीस वर्षांत माझ्या कात्रीखालून एकही पँट आखूड निघाली नाही. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा बोललो आहे, की ते सुरू झालं की धाकटी छताकडे बघते आणि बायको उठून गॅस बंद आहे का ते तपासायला जाते. तरी ते खरं आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की टेप लावायच्या आधीच त्याची कंबर मला कळायची.

बायकोचं काम वेगळं. ती गोधड्या शिवते. मी त्याला काम म्हणत नसे, उद्योग म्हणत असे, आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत असे. दुकानातले शर्टिंगचे उरलेसुरले तुकडे ती पिशव्या भरभरून घरी आणायची. निळ्या रेघांचे, राखाडी चौकड्यांचे, एखादा भडक नारिंगी, जो कुणी शिवायला टाकला असेल देव जाणे. त्यातून तिने मोठीला गोधडी केली, मधल्याला केली. धाकटीची पाळी आली आणि हिचा उजवा खांदा आखडला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि मग विचारलं, घरी काय काम करता? अख्खी गोधडी म्हणजे कापसासकट पाच किलोचं धूड. त्याची वळकटी करून मशीनच्या वीतभर फटीतून ढकलायची, फिरवायची, परत ओढायची. हिने हे सगळं हातवारे करून सांगितलं, म्हणजे एका हाताने. डॉक्टर म्हणाले, ते आता बंद.

त्याच महिन्यात धाकटीला नोकरी लागली, तीही अशा गावात जिथे वर्षातले सात महिने कुणी खिडक्या उघडत नाही. निघायला सात आठवडे होते. ही दोन दिवस मशीनकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "दोघांना माझ्या हातची आणि हिला दुकानातली, असं नाही चालायचं. ही एक झाली तर झाली. नाहीतर माझं शिवणं संपलं असं समजा."

मी म्हणालो, "अगं, होईल." दुसरं काय म्हणणार? पण मनातून मी घाबरलो होतो. शिवणं संपलेली बायको मी पाहिलेली नव्हती आणि मला पाहायचीही नव्हती.

उपाय धाकटीनेच आणला. फोनवर एक बाई गोधडी तुकड्या-तुकड्यांनी करत होती. वरचं कापड, मधे कापसाचा थर, खाली अस्तर, हे सगळं फक्त एका चौकोनापुरतं. तो एवढासा चौकोन मशीनखाली घालायचा, त्यावर हवे तेवढे टाके घालून तो पुरा करायचा आणि बाजूला ठेवायचा. मग दुसरा घ्यायचा. सगळे झाले की पट्ट्या लावून एकमेकांना जोडायचे, की झाली गोधडी.

"म्हणजे आधी टाके आणि मग जोडणी?" ही म्हणाली. "उलटंच सगळं."

"आई, एक करून तर बघ."

तिने एक करून बघितला. मी पेपर वाचतोय असं दाखवत बघत होतो. चौकोन तिने डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरवला. उजवा हात नुसता वर ठेवलेला. मशीन सुरू झाली, टाका वळणं घेत गेला, आणि दहाव्या मिनिटाला हिने तो चौकोन माझ्या पेपरवर आणून ठेवला. त्या दिवशी मला न मागता दुसरा चहा मिळाला.

तीस चौकोन लागणार होते. पाच रुंदीला, सहा लांबीला, प्रत्येक बारा इंचांचा. कापायचं काम मी मागून घेतलं. ही म्हणाली, "शिवणीची माया धरून साडेबारा होतात. पण तुम्ही साडेतेरा कापा. टाके घातले की कापड आत ओढलं जातं. नंतर मी सगळे सारखे छाटीन."

आता इथे माझा स्वभाव आडवा आला. साडेबारा हवेत तर साडेतेरा का कापायचे? आधी जास्त कापा आणि मग छाटून फेका, ही काय पद्धत झाली? चाळीस वर्षांत मला कुणी असं शिकवलं नव्हतं. मी "बरं" म्हणालो आणि खडूने रेघ मारून साडेबाराच कापले. वरचं कापड, कापूस, अस्तर, सगळं साडेबारा, कोपरे असे की पाहत राहावं. वर जवळजवळ दीड मीटर कापड वाचलं. ते मी घडी करून कपाटात ठेवलं. गोधडी पुरी झाली की बाहेर काढायचं आणि काटकसर कशाला म्हणतात ते दाखवायचं, असा माझा बेत होता.

रोज एक चौकोन व्हायचा. सकाळची कामं आटोपली की ही मशीनवर बसायची आणि जेवायच्या आधी उठायची. माझ्या कापण्यावर तिचा इतका विश्वास, की टेप म्हणून लावला नाही. झालेला चौकोन खुर्चीवर चढायचा. दहा झाले, वीस झाले. धाकटी येता-जाता त्या ढिगावर हात ठेवून जायची. घरात त्या महिन्यात भांडणंही नेहमीसारखी झाली. मी बाथरूमचा नळ उघडा ठेवून फिरायला गेलो. हिच्या कात्रीने मी कागद कापला. पाहुण्यांसमोर मी हिची गोष्ट अर्ध्यात तोडून स्वतः पुरी केली. पण भांडण झालं तरी चौकोन चुकला नाही. उलट अशा दिवशी मशीन जास्त वेळ चालायची.

तीस पुरे झाले तेव्हा निघायला बारा दिवस उरले होते. पलंग भिंतीला लावला, जमीन पुसली आणि आम्ही दोघांनी चौकोन मांडायला घेतले. पहिली ओळ ठीक वाटली. दुसरी ओळ पहिलीपेक्षा बोटभर आखूड. तिसऱ्या ओळीत एका चौकोनाशेजारी एवढी फट, की त्यातून फरशी दिसत होती. हिने टेप आणला. एक चौकोन सव्वाबारा, एक बारा, एक पावणेबारा, आणि एक पठ्ठ्या साडेअकरावर आलेला.

मला त्याच क्षणी कळलं. इंचभर जास्त असतं तर सगळे छाटून सारखे झाले असते. छाटायला काही ठेवलंच नव्हतं मी.

ही मात्र चौकोनांच्या मधोमध बसून राहिली. उजवा हात डाव्या हातात धरून म्हणाली, "बघा, किती वेडेवाकडे झाले. पूर्वी डोळे मिटून शिवलं तरी माझं असं होत नव्हतं. हात गेला माझा."

इथे मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. का नाही बोललो, याला माझ्याकडे एकही चांगलं कारण नाही. तोंडाला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याच खिशात होती. ही उठली, एकेक चौकोन उचलून पिशवीत भरला आणि धाकटीला सांगितलं, "उद्या बाजारात जाऊन एक चांगली रजई बघून ये. ऊबदार बघ." धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं मी लोकांना मापात बसवलं आणि घरातल्या बाईला तिचा हात गेला असं वाटू दिलं. मला माझीच लाज वाटली. सकाळी ही चहा गाळत असताना मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"तू साडेतेरा सांगितले होतेस."

"मग?"

"मी साडेबारा कापले."

तिने गाळणं खाली ठेवलं. "सगळे?"

"सगळे. एकसारखे," मी म्हणालो. एकसारखे हा शब्द मला त्या वेळीही गिळता आला नाही.

मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. पण तिने उजवा हात समोर धरला, बोटं उघडली, मिटली, परत उघडली आणि म्हणाली, "म्हणजे हात ठीक आहे माझा." तिचा चेहरा असा खुलला, की ती रागवायचं विसरूनच गेली. साधारण दोन मिनिटं. मग तिला आठवलं आणि पुढचा अर्धा तास मी, माझी कात्री, माझी चाळीस वर्षं आणि न आखुडलेल्या सगळ्या पँटी, कुणाचीही सुटका झाली नाही. धाकटी दारात उभी राहून मन लावून ऐकत होती.

राग निवल्यावर पिशवी परत जमिनीवर उपडी झाली. ही एकेक चौकोन उजेडात धरून बघू लागली. "हा सैल बघा, त्या दिवशी मोठीचा फोन आला होता. आणि हा साडेअकराचा काय आहे ठाऊक आहे? तो तुमचा नळ." खरंच, नळाच्या चौकोनावर टाके इतके दाट होते, की मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. दाट टाक्यांनी कापड जास्त ओढलं गेलं होतं. मी जितका छळ केला होता, तितका चौकोन आटला होता.

"आता सगळे साडेअकरावर आणायचे," ही म्हणाली. "म्हणजे तुमच्या नळाच्या मापाने."

"मग गोधडी लहान नाही का होणार? धाकटी एवढी उंच."

"मधल्या पट्ट्या रुंद करायच्या. कापड कमी पडेल तेवढंच."

मी कपाटाकडे गेलो आणि वाचवलेलं दीड मीटर कापड आणून तिच्यासमोर ठेवलं. ज्या थाटात ते काढायचं ठरवलं होतं, तो थाट काही जमला नाही. तिने घडी उलगडली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "पट्ट्या तुम्हीच कापा. मी इथे बसते." ती खरंच शेजारी खुर्ची टाकून बसली आणि प्रत्येक पट्टी तिने टेपने तपासून घेतली. चाळीस वर्षांत माझ्यावर कुणी अशी पाळत ठेवली नव्हती.

फोनवरच्या बाईने एक गोष्ट मात्र जरा घाईत सांगितली होती. चौकोन हलका असतो, ओळही हलकी असते. पण ओळी एकमेकींना जोडायला लागलं, की पाच किलोचं धूड परत तयार होतं. तिसऱ्या ओळीलाच हिचा खांदा कुरकुरायला लागला. तेव्हा ही सुईपाशी बसली आणि मी वजनापाशी उभा राहिलो. गोधडी माझ्या दोन्ही खांद्यांवर, आणि ती जसजशी सरकेल तसतसा मीही टेबलाभोवती सरकणार. धाकटी म्हणाली, आपल्या घरात घोडा पाळल्यासारखं वाटतंय.

गोधडी वेळेत झाली, हे आताच सांगून टाकतो. धाकटी ती घेऊन गेली आणि ती बॅगेत मावावी म्हणून तिने दोन जोडी बूट घरी ठेवले. पण मला सांगायचंय ते त्याच्या तीन दिवस आधीचं. शेवटची ओळ जोडत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. दारावर टकटक झाली. मी गोधडीखाली, ही सुईवर, म्हणून धाकटीने दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई होत्या, सोबत त्यांचे यजमान.

"ताई, मशीन न्यायला आलो," बाई म्हणाल्या. "परवा यायचं होतं, पण ह्यांना सुट्टी आजची."

मला वाटलं, यांचा काही घोटाळा झालाय. मी म्हणालो, "कसली मशीन?"

बाई गोंधळल्या. "तुम्हाला नाही ठाऊक? ताईंनीच फोन केला होता ना, गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी. म्हणाल्या, आता मला लागणार नाही, घेऊन जा, पैसे नकोत."

ती संध्याकाळ कुठली, ते विचारायची गरज नव्हती. मी पंख्याकडे बघत होतो, तीच ती. एक रात्र आणखी गप्प राहिलो असतो, मग दुसरी सोपी गेली असती, तिसरी त्याहून सोपी. आणि आज हे दोघं जिन्यावरून मशीन खाली नेत असताना मी दार धरून उभा राहिलो असतो. वर "सांभाळून" असंही म्हणालो असतो. खांद्यावरची गोधडी घसरायला लागली.

ही मान वर न करता म्हणाली, "बाई, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. माफ करा. मशीन रिकामी नाही."

"बरं, मग कधी होईल?"

"नाही व्हायची."

बाई भल्या. हसल्या, टाके बघितले, छान झालीये म्हणाल्या आणि यजमानांना घेऊन खाली गेल्या. धाकटीने दार लावलं. मी बोलायला गेलो. मी नुसता "अगं" म्हणालो आणि तिथेच थांबलो.

"माहीत आहे," ही म्हणाली आणि पायाने मशीन पुन्हा सुरू केली. "ओढू नका. नुसतं धरून राहा."