वहिनीने पुसलेला डोंगर

आमच्या वहिनीने ओल्या फडक्याने डोंगर पुसून टाकला, असं मी सांगितलं की लोक म्हणतात, म्हातारा पुन्हा सुटला. सुटलो तर सुटलो. पण ज्या संग्रहालयात हे घडलं तिथे मी सुतार होतो आणि वहिनी सफाईला होती, तेव्हा दोन शब्द जास्त बोलायचा हक्क मला आहे.

डोंगर होता प्लास्टरचा. दुहेरी पलंगाएवढा, मधल्या दालनात लाकडी चौकटीत बसवलेला. गावामागच्या डोंगराचीच प्रतिकृती. ज्या मूर्तिकाराने ती केली त्याला टोकांचं वेड. नाक टोकदार, मिशा टोकदार, बोलणं त्याहून टोकदार. त्याने डोंगराला असं शिखर काढलं की उद्घाटनाच्या पाहुण्यांची टोपी त्यात अडकली आणि भाषण संपेपर्यंत तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी तो डोंगर रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसू लागली. एकतीस वर्षं पुसला. वहिनीचा हात काय सांगू? तिच्या घरची पातेली घासून घासून इतकी पातळ झाली होती की आतलं दूध बाहेरून दिसायचं. मग प्लास्टरची काय कथा. पण रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं कळत नाही, तसा डोंगर खुजा झालेला आम्हाला कळला नाही.

कळला तो संग्रहालयाच्या नव्या प्रमुख मॅडमना. रुजू होऊन आठवडा झाला नाही तोच त्यांना कपाटात उद्घाटनाचा फोटो सापडला. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात पट्टी घेऊन त्या दालनात आल्या.

"मावशी, चार बोटं डोंगर कुठे गेला?"

"फडक्यात गेला असेल," वहिनी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही. घरातलं ते काम माझ्याकडे असतं.

आमच्याकडे वस्तूंची एक जाडजूड वही होती. वस्तू खराब झाली की त्यात दोनच रकाने, झीज आणि मोडतोड. पायरीला खळगा पडला तर झीज, बरणी फुटली तर मोडतोड. झीज झाली तर कोणी कोणाला बोलत नसे. मोडतोड झाली तर ज्याच्या हातून झाली तो घरी. मॅडम नियमाला पक्क्या. म्हणाल्या, "शुक्रवारी डोंगरांच्या तज्ज्ञ बाई येतायत. त्या सांगतील ते लिहीन."

वहिनीने त्या दुपारी डबा उघडलाच नाही.

"नोकरीचं काही नाही हो भाऊजी," ती म्हणाली, "पण जन्मात मी साधी कपबशी फोडली नाही. आणि आता वहीत लिहिलेलं राहणार, हिने डोंगर मोडला."

मी म्हटलं, दीर सुतार असताना घाबरतेस कशाला. लाकडाचं एक शिखर तासलं, पांढरा रंग दिला आणि नेऊन बसवलं. वहिनीने त्यावर बोटाने टकटक केलं.

"भाऊजी, हे शिखर नव्हे, किटलीचं झाकण आहे."

"दुरून बरं दिसतं."

"दुरून तुम्हीही बरे दिसता. काढा ते."

काढलं.

शुक्रवारी तज्ज्ञ बाई आल्या. कमरेला हातोडी, बुटांना माती. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हातोडीबाई ठेवून टाकलं. वहिनी फडकं धरून भिंतीशी उभी, चोराने मुद्देमालासकट उभं राहावं तशी. हातोडीबाईंनी डोंगराभोवती तीन चकरा मारल्या, वाकून उतारांवर बोट फिरवलं आणि थेट खिडकीपाशी गेल्या.

त्या खिडकीतून खरा डोंगर दिसतो. आम्ही तिकडे कधी बघितलंच नव्हतं. त्याला तिकीट नव्हतं ना.

आता सगळ्यांनी खिडकीत गर्दी केली. बाहेर डोंगर मांडी घालून बसला होता. खांदे गोल, टकलावर ऊन. टोकाचा पत्ता नाही.

"चुकलाय तो फोटोतला डोंगर," हातोडीबाई म्हणाल्या. "टोकं तरुण डोंगरांना असतात. हा फार म्हातारा आहे. भेगांत पाणी शिरतं, ऊनथंडीने दगड तडकतो, वारा घासतो आणि ओढे चुरा खाली नेतात. कोट्यवधी वर्षं हेच चाललंय. टोकं जातात, खांदे उरतात. मूर्तिकाराने डोंगर बघितलाच नसणार."

"आरशात बघून केला असेल," मी म्हटलं.

"पण आज समोर आहे तो अगदी बरोबर आहे. या घळी कोणी पाडल्या?"

"माझी अंगठी घासते," वहिनी पुटपुटली.

"आणि हा उजवा उतार असा पसरट कसा?"

"उजवीकडून डावीकडे पुसते मी."

"पाऊसही तिकडूनच येतो." हातोडीबाई आता गुडघ्यांवर बसल्या. चौकटीच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी साचली होती. वहिनी लगबगीने पुढे झाली. "तेवढं राहिलं हो, कोपऱ्यात हात जात नाही. आत्ता काढते."

"हात लावू नका. डोंगराच्या पायथ्याशी अशीच माती साचते. तुमचं अर्धं गाव तिच्यावर वसलंय."

मॅडमनी वही उघडली. "काही तुटून पडलंय का?"

"एक कपचीही नाही. खऱ्या डोंगराचं झालं तेच याचं झालंय. झीज."

मॅडमनी झीज लिहिलं आणि कारणापाशी अडल्या. "काय लिहू? पाऊस, वारा, की मावशी?"

"मावशीच लिहा," हातोडीबाई म्हणाल्या. "पण अक्षर चांगलं काढा."

वहिनीने त्याच फडक्याने डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे उद्यापासून पुसायचं की नाही?"

हातोडीबाईंनी बोटांवर हिशेब केला. "तुमचं एक पुसणं म्हणजे सहा-सात हजार वर्षांचा पाऊस. आठवड्यातून एकदाच पुसा. नाहीतर दालनात मैदान होईल."

सोमवारी वहिनी बादली घेऊन आली तर मॅडम डोंगरापाशी आधीच उभ्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मावशी, मी पुसून बघू जरा?"

वहिनीने फडकं घट्ट पिळून दिलं. "बघा, पण हलक्या हाताने. तुमच्या एका फटक्यात दोन ओढे आटायचे."

मॅडमनी जीभ दातांत धरून, श्वास रोखून, पायथ्यापासून माथ्यापर्यंत डोंगर पुसला.

"झालं का?"

"झालं," वहिनी म्हणाली. "बसा आता. सात हजार वर्षं उभ्या आहात, चहा घेऊ."