तळाला टेकलेलं बोट

पडद्यावर एक विहीर होती. विहिरीत सहा आडव्या रेघा, दोन रेघांमध्ये एक परस अंतर, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं. एक निळा पट्टा, बोटानं वरखाली सरकणारा; आपल्या विहिरीत पाणी असेल तिथवर ज्यानं त्यानं तो सरकवायचा. बाकी काहीच नव्हतं.

आकडा अश्लेषानं मुद्दाम ठेवला नव्हता. भूशास्त्राच्या एमएस्सीला असताना ती कन्नड तालुक्यात विहिरी मोजत फिरली होती. ‘पाणी तीन परस’ असं एकजण सांगायचा ते काठापासून मोजून, शेजारचा सांगायचा ते तळापासून. दोघंही खरं बोलायचे आणि तिची वही खोटी पडायची. चित्रात पाणी दाखवायचं म्हटलं की ही चूक होणारच नाही, असं तिच्या डोक्यात आलं आणि त्यातून हे ॲप झालं. दुष्काळात जमिनीखालचं पाणी रोज कुठं आहे, ते खरं दिसावं, एवढंच तिला त्यातून हवं होतं.

ॲपचा व्यवहार विश्वजित बघायचा. दोघं कॉलेजपासूनचे सोबती, शहागंजात एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या भाड्यानं घेऊन बसलेले. पैसे संपत आले तेव्हा त्यानं सोमनाथशेठना गाठलं. शहराच्या कडेला नव्या वसाहती उठत होत्या, नळ तिथवर पोचले नव्हते आणि शेठचे टँकर दिवसरात्र पळत होते. आता त्यांना खेडीही हवी होती. पैसे घालायला त्यांची अट साधी होती: निळा पट्टा तळाला टेकला की खाली टँकरचं बटण यावं. कोरड्या विहिरीला नंबर आधी, दरही कमी.

अश्लेषा हो म्हणाली. तेव्हा तिला काही वाटलं नाही. बटण तिनंच बसवलं.

एप्रिलात रोज चारशेच्या वर नोंदी यायला लागल्या. विश्वजितनं खालून जिलबी आणली. अश्लेषा नकाशा बघत बसली. काल दोन परस पाणी असलेली विहीर आज कोरडी होती. तिच्या शेजारची कोरडी, पलीकडचीही. विहीर अशी उतरत नाही. रोज थोडी थोडी उतरते, सकाळी जराशी भरतेही.

दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन एसटीनं देवगाव रंगारीला गेली. कडूबाईंची विहीर नकाशावर आठवडाभर कोरडी होती. अश्लेषानं काठावरून टेप सोडला. तळाच्या वर तीन मीटर दहा सेंटिमीटर पाणी होतं. मोटर चालू होती आणि मोसंबीच्या आळ्यांत पाणी पडत होतं.

“कडूमावशी, मोबाइलात तर कोरडी दाखवलीय तुम्ही.”

“व्हय. कोरडी दाखवल्याबिगर टँकर येतो का?” कडूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. “हे पाणी झाडास्नी. घरी प्यायला टँकर. समदं गाव असंच करतंय. तूच केलंस ना ते? लई बेस केलंस बाई.”

अश्लेषानं मान हलवली. त्यांनी दिलेला चहा प्यायली, आणखी पाच विहिरींत टेप सोडला आणि परत आली. वाटेत दौलताबादचा डोंगर खिडकीतून सरकत गेला. तिला राग आला नव्हता. रडूही नाही. पाय बराच वेळ दुमडून बसल्यावर बधिर होतात, तसं काहीतरी सगळ्या अंगाला झालं होतं.

विश्वजितनं सगळं ऐकून घेतलं. लोक वापरतायत हे महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं.

“मग टँकरचं ॲप समज त्याला,” तो म्हणाला. “बिघडलं कुठं?”

“मग विहीर काढ त्यातून.”

“विहीर बघूनच तर लोक येतात, यार.”

“लोक बटणासाठी येतात. विहीर काढून बघ.”

“अशू, शेठ तुझ्या चित्राला पगार देणार नाहीत.”

“माहितीय.”

तो हसला, ‘बाईसाहेब’ म्हणाला आणि वाद सोडून दिला. हिचं एकदा ठरलं की ठरलं, हे त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं. आठवड्याभरात वाटणी झाली. बटण आणि ते दाबणारी माणसं विश्वजितकडे राहिली, नाव, ऑफिस सगळं त्याच्याकडेच. अश्लेषानं फक्त विहीर घेतली. बटण काढून टाकलेलं ॲप तिनं घरूनच, दुसऱ्या नावानं, जुनं ॲप वापरणाऱ्या सगळ्यांना पाठवलं. टँकर मिळणार नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मग एका शिकवणीत भूगोल शिकवायला लागली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ विहिरींची नोंद आली. ती नऊही ठिकाणी टेप घेऊन जाऊन आली. आठ ठिकाणी चित्र आणि टेप यांतला फरक एका वितीच्या आत होता.