खोकं हलवून बघणाऱ्या बायका

या, असे पुढे सरका. तिकडे दाराशी बसलात तर निम्मी गोष्ट वाराच घेऊन जाईल. आज एका हट्टी बाईची गोष्ट सांगायचीय. तिनं ना राज्य जिंकलं ना लढाई. एका खोक्यापायी साहेबाशी भिडली, एवढंच. पण मन लावून ऐका.

ही बाई साबणाच्या कंपनीत गिऱ्हाईक बघायच्या कामावर होती. विकायचं काही नाही, बोलायचं कुणाशी नाही. मोठ्या दुकानात फळीच्या टोकाशी कागद घेऊन उभं राहायचं आणि खुणा करायच्या: कोण थांबलं, कुणी उचललं, कुणी टोपलीत टाकलं. सगळे तिला ताई म्हणत. सहा वर्षं ती हंगामी होती. पुढच्या महिन्यात कायम करू, असा साहेबांनी शब्द दिला होता.

त्या साली साबणाचा खप घसरला. साहेब म्हणाले, खोक्यावरची नटी जुनी झाली, नवी आणा. ताईचे कागद मात्र वेगळंच सांगत होते. कंपनीच्या तक्त्यात ‘परत ठेवलं’ असा रकानाच नव्हता. जे विकलं गेलं नाही त्याच्या खुणा कशाला? ताईनं तो आपल्या हातानं समासात आखला होता आणि तिथंच खुणांची दाटी झाली होती. बायका खोकं उचलत, कानाशी नेऊन हलवत, गालातल्या गालात हसत आणि परत ठेवत.

“साहेब, नटीचा काही दोष नाही,” ताई म्हणाली. “वडी बारीक केलीत आणि खोकं तेवढंच ठेवलंत. आत खुळखुळ्यासारखी वाजते ती.”

“बायका असं म्हणाल्या?”

“छे! विचाराल तर वास आवडत नाही म्हणतील. मी तोंडं नाही बघत, हात बघते.”

देवानं माणसाच्या तळहातात तराजू घालून पाठवलाय हो. तो फसत नाही, फसवावा लागतो. तो कसा फसवायचा ते कळलं, म्हणूनच साहेब खूष झाले. “शाब्बास! याला म्हणतात गिऱ्हाइकाची नस ओळखणं!”

आठ दिवसांत नवी खोकी आली. आत पुठ्ठ्याचं कडं, वडी घट्ट, आवाज बंद. साहेबांचा हुकूम असा, की शनिवारी दुकानात बायका ‘समाधानी’ दिसतात, अशा खुणा करून ताईनं खाली सही करायची.

घरी नवरा म्हणाला, “पुठ्ठाच तर आहे. महिनाभर गप्प राहा, कायम हो, मग काय भांडायचं ते भांड.”

सासू भाजी निवडत होती. “तीस वर्षं त्याच साबणानं तोंड धुतेय मी. आता पुठ्ठा घासायला लावतेस होय गं?”

“आई, तुम्ही तरी माझ्या बाजूनं बोला!”

“तुझ्याच बाजूनं बोलतेय, भवाने. नीट ऐक जरा!”

ताईला हसू फुटलं. मग हसता हसताच राग आला. बायकांचं शहाणपण तिनंच टिपलं आणि त्याच शहाणपणाला आता तिच्याच हातून बूच मारायचं होतं.

शनिवारी साहेब स्वतः येऊन तिच्या मागे उभे राहिले. दवाखान्याच्या गणवेशातली एक बाई आली. तिनं खोकं कानाशी नेलं, हलवलं. आवाज नाही. पुन्हा हलवलं. नाही. हात टोपलीकडे वळला.

ताई पुढे झाली. “आत पुठ्ठा आहे हो. वडी लहानच आहे.”

“तुम्ही कंपनीच्याच ना?”

“कंपनीचीच. म्हणून तर ठाऊक!”

“ताई!” साहेब कडाडले. “तुमचं काम बघायचं आहे, बोलायचं नाही!”

“सहा वर्षं बघितलं, साहेब. आता बोलतेय.”

“मग कायम व्हायचं विसरा.”

“विसरले. आणि या कागदावर सहीही मिळायची नाही. पाहिजे तर तुम्ही करा, ठसठशीत करा.” असं म्हणून तिनं खोकं उघडलं आणि वडी एका हातावर, कडं दुसऱ्या हातावर घेऊन फळीपाशी उभी राहिली. येईल तिला दाखवू लागली. साहेबांनी पहारेकऱ्याला बोलावलं. तो आला, कड्याकडे बघितलं आणि म्हणाला, “अहो, आमच्या घरीही हाच साबण आहे!”

सोमवारी तिला कुणी कामावर बोलावलं नाही. ती अजून काम शोधतेय. मागची नोकरी का सुटली, असं कुणी विचारलं की सगळं खरं सांगते, मान वर करून. म्हणून मिळायला वेळ लागतोय. देवापाशी आपल्या माणसांसाठी मागाल ना, तेव्हा त्या ताईची आठवण ठेवा. तिच्यासाठीही दोन शब्द बोला.