गवतावरचा ग्लोव्ह

शेवटचा, म्हणजे नववा डाव सुरू व्हायचा होता आणि व्हर्ना कोलोजे बाकाच्या टोकाला एकटीच बसली होती. भांडण वगैरे काही नव्हतं. आठ डावांत समोरच्या एकाही मुलीला तिच्या चेंडूवर फटका मारून बेस गाठता आला नव्हता, आणि असं चाललेलं असताना पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणारीशी, बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, त्या गोष्टीचं तर नावसुद्धा काढायचं नाही, हा बेसबॉलमधला सगळ्यात कडक नियम. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून मोडायची कुणाची छाती होत नाही.

व्हर्नाच्या ही शांतता पथ्यावर पडली होती. पाचव्या डावापासून तिचा खांदा ठणकत होता. मॅनेजर हॅल्सीनं सकाळीच सुनावलं होतं, "आज तुला मधेच काढायची वेळ आली, तर उद्याची बस पकड. डब्यांच्या कारखान्यात तुझी जागा असेलच अजून." पण फटका बसत नाही तोवर तोही तिला काढू शकत नव्हता. नुसतं खांद्याचं विचारलं असतं, तरी पोरींनी त्याला फाडून खाल्लं असतं.

तेवढ्यात मिसेस प्रुइट आल्या. मुलींचे स्कर्ट, केस आणि रात्रीची हजेरी बघायला संघानं ठेवलेल्या बाई.

"व्हर्ना, लिपस्टिक लाव बघू. आणि अजून कुणीच तुला फटका मारला नाही म्हणे? फोटोवाले येतील हो."

बाकावर कुणी श्वासही घेईना. शेवटी व्हर्नाचे चेंडू झेलणारी कॅचर लोइस म्हणाली, "बाई, पटकन लाकडाला हात लावा, नाहीतर दृष्ट लागेल."

"का गं? मी काय केलं?"

"काही नाही. दोन्ही हात लावा."

मिसेस प्रुइट बिचाऱ्या दोन्ही हातांनी बाक धरून बसल्या.

व्हर्ना मैदानात गेली. त्यांच्याकडे एक-शून्य अशी आघाडी होती. पहिली मुलगी बाद झाली. दुसरीनं चेंडू हळूच खाली ठोकला. सरपटत निघालेला तो चेंडू डोळे मिटून अडवावा इतका सोपा. व्हर्नाच्या मागे मैदानात उभी असलेली फ्लोरेन्स वाकून तयारच होती. पण फलंदाजीला जाताना आपापला ग्लोव्ह मैदानातच टाकून जायची सगळ्यांची पद्धत. पाहुण्यांपैकी कुणाचा तरी ग्लोव्ह तिच्यापुढे गवतावर पडला होता. चेंडू त्याला लागला आणि भलतीकडेच उडाला. धावणारी पोर आरामात पहिल्या बेसवर पोचली.

"हा फटका कसला!" फ्लोरेन्स पंचांवर धावून गेली.

"ग्लोव्ह म्हणजे मैदानातला दगडच, पोरी. फटका तो फटका."

सगळ्या मिसेस प्रुइटकडे बघायला लागल्या. व्हर्नानं बघितलं नाही. तिला हॅल्सी दिसत होता. तो बाकावरून उठून, हात पुढे करून, संथपणे तिच्याकडेच येत होता. आता त्याला अडवणारं काही उरलं नव्हतं.

"दे चेंडू."

"दोघीच राहिल्यात."

"खांदा दुखतोय?"

"पाचव्यापासून."

"आणि आता सांगतेस?"

"आता विचारलंत."

लोइस तोंडावरची जाळी काढून मधे आली. "हिच्या चेंडूत जोर नाहीये हे अजून त्यांना कळलं नाहीये, मिस्टर हॅल्सी. त्या अजून जोरदार चेंडूच्या हिशोबानंच बॅट फिरवतात. नव्या पिचरला तो फायदा नाही."

हॅल्सी जमिनीवर थुंकला आणि परत गेला.

व्हर्नानं हात नेहमीसारखाच फिरवला, पण चेंडू निघाला तो रमतगमत. समोरच्या धिप्पाड मुलीनं केव्हाच बॅट फिरवायला घेतली होती. चेंडू जेमतेम टोकाला लागला आणि थेट फ्लोरेन्सकडे सरपटला. तिनं दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून तो पहिल्यावर गेला. धावणाऱ्या दोघी पोचायच्या आत चेंडू तिथे होता, दोघी बाद. सामना संपला.

हॅल्सी बाकापाशी टोपी झटकत उभा होता. "मंगळवारी तू टाकणार नाहीस," तो म्हणाला. "खांदा बरा होईस्तोवर बाकावर बसशील."

"म्हणजे बस नाही?"

"बाकावर म्हटलं ना."

व्हर्ना बाकाच्या मधोमध बसली. इतक्या डावांचं साचलेलं बोलणं सगळ्यांनी एकदमच तिच्यावर ओतलं, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते तिला काही कळलं नाही.