हेल्मेटातला परका वास

हेल्मेटात पहिल्यांदा परक्या माणसाचा वास आला, तेव्हा तिने दोष स्वतःच्या नाकाला दिला. दिवसभर कवळ्या बनवायच्या, मग नाकाचा भरवसा तो काय धरायचा! दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती काम करायची. पुढे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घ्यायचे आणि ते ओलं माप ट्रेसकट तिच्या टेबलावर यायचं. कधी त्याला लाळेची तार असायची, कधी दाढेत अडकलेला घास. ती ते नळाखाली धरायची, औषधाच्या पाण्यात बुडवायची आणि मग त्यात प्लास्टर ओतायची. लोकांना वाटायचं, हिला कशाचंच काही वाटत नसणार. तसं नव्हतं. कामाची घाण कामाची असते, हातमोज्यांबरोबर काढून टाकता येते. डोक्यावर घालायच्या वस्तूचं तसं नाही.

इमारतीच्या तळघरात गाड्या लावायची सोय होती आणि तिथे पार्किंगवाले काका खुर्ची टाकून बसलेले असत. बोलायला गोड माणूस. तिची मोटरसायकल वळवताना अडली की लगबगीने उठून मागून हात लावायचे. मध्यंतरी कुणाचं तरी हेल्मेट आरशावरून चोरीला गेलं, तेव्हा काकांनीच सगळ्यांना सांगितलं, की इथून पुढे हेल्मेटं माझ्याकडे देत जा. जिन्याखाली त्यांची कोंदट खोली होती. तिथल्या फळीवर सगळ्यांची हेल्मेटं ओळीने मांडलेली असत. सगळे निर्धास्त झाले, तीही झाली. ते ओझं काखेत मारून वर न्यायचा त्रास वाचला, म्हणून तिने काकांना मनातल्या मनात दुवाही दिला होता.

पण वास काही जाईना. एके दिवशी गोडसर तेलाचा, दुसऱ्या दिवशी तंबाखूचा, मध्येच घामाचा, आणि तोही ताजा. हनुवटीचा पट्टा ती घट्ट करून ठेवायची, तो संध्याकाळी सैल मिळायचा. एकदा घरी येऊन आरशात बघते तर कपाळावर काळपट आडवा पट्टा. तिने अस्तरावर बोट घासलं, तर बोट काळं झालं. केसांचा कलप होता. तिचे स्वतःचे केस कानांमागे पांढरे व्हायला लागले होते आणि तिने ते तसेच राहू दिले होते.

मग डोकं खाजायला लागलं. घरात माणसं दोनच, ती आणि नवरा. शाळेतून काही घेऊन येणारं मूल नव्हतं. नवऱ्याने तिला खिडकीपाशी बसवलं, मांडीवर पांढरा कागद पसरला आणि बारीक दातांच्या फणीने केस विंचरले. पहिली ऊ कागदावर पडली तेव्हा तो हसला. म्हणाला, शाळेनंतर आज पाहतोय ही बाई. आणखी दोन-चार पडल्या, तेव्हा त्याचं हसू आटलं. ती त्या वळवळणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसली. या कुणाच्या डोक्यात वाढल्या असतील, कुणाच्या रक्तावर पोसल्या असतील?

नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर काहीतरी लोखंडी औषध असायचंच. त्याने तारेचं कुलूप आणून दिलं. पट्ट्याच्या कडीतून तार ओवायची, गाडीच्या सांगाड्याला वेढा द्यायचा आणि कुलूप दाबायचं. हेल्मेटचं तोंड खाली ठेवत जा, म्हणजे कुणी आत कचरा टाकणार नाही, हेही त्याने दोनदा करून दाखवलं.

काकांनी ते कुलूप पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. इमारतीतला कापडदुकानवाला आणि आणखी दोघं-तिघं उभे असताना ते म्हणाले, "म्हणजे ताई, आमच्यावरचा विश्वास उडाला म्हणायचा." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उवांचं तोंडातून काढायची सोय नव्हती. नवऱ्याची हौस आहे हो, असं काहीतरी पुटपुटत ती जिना चढली. दुसऱ्या दिवशी हात धुता धुता डॉक्टरही म्हणाले, की म्हाताऱ्याचं मन दुखावू नये, आपण इथे सगळे एका घरासारखे राहतो. एवढ्याशा कुलपाची बातमी डॉक्टरांपर्यंत कशी गेली, याचं तिला नवल वाटलं. पण कुलूप तिने काढलं नाही. अस्तर गरम पाण्यात धुतलं, डोक्याला औषध लावलं, आणि हळूहळू हेल्मेट पुन्हा तिचं झालं.

एका सकाळी निघायच्या घाईत कुलपाची किल्ली घरीच राहिली. आता कुलूप लावलं तर संध्याकाळी उघडणार कसं? नाइलाजाने तिने हेल्मेट काकांच्या हातात दिलं. काकांनी ते रुसलेली सून घरी परत यावी तसं दोन्ही हातांनी घेतलं.

संध्याकाळी ती खाली आली, तर काकांची खुर्ची रिकामी. हेल्मेट गाडीच्या सीटवर ठेवलेलं, ओलंचिंब, साबणाचा वास मारत असलेलं. कपाळाच्या बाजूला, काचेच्या वर, फुलाचं एक मोठं स्टिकर चिकटवलेलं होतं. सकाळी ते नव्हतं. ते डोक्यावर चढवणं तिच्या जिवावर आलं. तिने गाडी तिथेच सोडली आणि हेल्मेट पिशवीत घालून बसने घर गाठलं.

घरी मोरीत बसून तिने अस्तर उसकटलं. आतला स्पंज दाबला तर गुलाबी पाणी आलं. पुन्हा दाबला, पुन्हा आलं. स्पंजाच्या बेचक्यात काळपट गुठळी होती आणि तिला आखूड केस चिकटलेले होते, टोकाला काळे, मुळाशी पांढरे. आतल्या थर्माकोलला आरपार भेग गेलेली. नवऱ्याने नखाने स्टिकर सोलून काढलं, त्याच्याखाली कवचही तडकलेलं निघालं. हे घालून कुणीतरी जोरात आपटलंय, असं तो म्हणाला. ती तोवर बेसिनवर ओणवी झाली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तोंडावर मास्क लावूनच आले आणि त्यांनी तो काढलाच नाही. भुवईच्या वर पट्टी होती. दुपारी ते स्वतः मागच्या खोलीत आले, एक माप तिच्या टेबलावर ठेवलं आणि मास्क खाली ओढला. ओठ सुजलेला, वरचा समोरचा दात अर्धा तुटलेला. न्हाणीघरात पाय घसरला म्हणाले. हा दात जरा लवकर करून दे, पेशंटसमोर तोंड उघडायची सोय राहिली नाही.

तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. काळे कुळकुळीत केस, आणि भांगाच्या रेषेवर पांढरी मुळं. मापाच्या कडेला रक्ताचा बारीक धागा होता. इतकी वर्षं हजारो तोंडांची मापं धुतली, पण त्या मापाला हात लावायला तिचा हात पुढे होईना. तिने ते चिमट्याने उचलून औषधाच्या पाण्यात सोडलं आणि तडक तळघरात गेली.

काकांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. डॉक्टरसाहेब रोज दुपारी स्कूटरवरून पलीकडच्या त्यांच्या दुसऱ्या दवाखान्यात जातात, चौकात हल्ली पोलीस उभे असतात, आणि साहेबांना ताईंचंच हेल्मेट नेमकं बसतं. मधले काही दिवस कुलपामुळे साहेबांची फार अडचण झाली. काल एक खड्डा चुकवताना गाडी घसरली, दुसरं काही नाही.

"आणि बाकीचे कोण?" तिने विचारलं.

काकांनी आधी खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "ज्याला गरज असेल तो. लोक चहापाण्याला देतात काहीतरी. दिवसभर नुसतं पडून तर असतं, ताई."

त्यांच्या बोलण्यात लाजेचा लवलेश नव्हता. उलट, काल आपण ते किती घासून धुतलं, याचं कौतुक त्यांना ऐकून घ्यायचं होतं. कुणाकुणाची डोकी आपल्या हेल्मेटात शिरून गेली असतील, हा विचार तिने टाळला, तरी तो येतच राहिला.

वर येऊन तिने घरून परत आणलेल्या पिशवीतून हेल्मेट काढलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं, उसकटलेलं अस्तर वर करून. डॉक्टरांनी आधी उठून दार लावून घेतलं. भिंतीवर पाटी होती, की येथे प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र निर्जंतुक साधने वापरली जातात.

घरची वस्तू समजून घेतली, ते म्हणाले. उद्या नवीन आणून देतो, विषय संपवू.

"मागितलं असतंत तर मी दिलं नसतं," ती म्हणाली. "ते तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच मागितलं नाहीत."

डॉक्टरांनी जिभेने तुटका दात चाचपला. मग सुजलेल्या ओठांतून म्हणाले, "अगं, याच्यामुळे वाचलो मी काल. डोकं फुटलं असतं. ते तरी बघ."

ते खरंच होतं. क्षणभर तिचा राग निवला. त्यांची बायको, दोन मुली, सगळ्या तिला ताई म्हणणाऱ्या. एक माणूस जिवानिशी गेला असता. ती काहीतरी बरं बोलणार होती. तेवढ्यात डॉक्टरांची नजर त्या गुठळीवर गेली. त्यांनी नाक मुरडलं, कप उचलून दूर ठेवला आणि पेनच्या टोकाने हेल्मेट टेबलाच्या कडेकडे सरकवलं. "हे आधी उचल इथून. पेशंट येतील. कसलं घाणेरडं दिसतंय."

स्वतःचंच रक्त, स्वतःचेच केस, आणि त्यांना हात लावायला पेन लागत होतं. हेच कालपर्यंत तिच्या कपाळाला लागत होतं, तेव्हा ते घरचं होतं.  हेल्मेट उचलून ती बाहेर पडली.

दात तिने पुढे करून दिला. दोन-दोन हातमोजे चढवून केला. चांगला झाला, रंगही बेमालूम जुळला. लोक डॉक्टरांच्या हसण्याची तारीफ करायचे, तेव्हा ती भिंतीकडे बघायची. नव्या हेल्मेटचं खोकं तिच्या टेबलावर आलं, ते तिने न उघडता परत पाठवलं आणि स्वतःचं विकत घेतलं. काही महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात काम मिळालं, तिकडे गेली.

पण डॉक्टरांच्या टेबलावरून हेल्मेट उचललं, त्या दिवशी संध्याकाळी एक काम उरलं होतं. ती खाली उतरली, तशी काकांची नजर तिच्या हातातल्या हेल्मेटवर गेली. टाकणारच असाल तर मला द्या, ते म्हणाले. वरून रंग मारला की भेग दिसणार नाही, अस्तर दुसरं बसवता येईल, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

ती पुन्हा वर गेली, प्लास्टर फोडायची हातोडी घेऊन आली, हेल्मेट तळघराच्या फरशीवर ठेवलं आणि घाव घालायला लागली. कवच आधी दबलं, मग फुटलं. थर्माकोलचे तुकडे उडाले. कापडदुकानवाला बघायला आला आणि आल्या पावली मागे फिरला. पट्टा तिने कात्रीने मुळापासून कापला. दंड भरून आले तेव्हा ती थांबली, तुकडे पायाने गोळा करून कचऱ्याच्या डब्यात लोटले आणि गाडीकडे वळली.

मागे खडखडाट झाला. काका डब्यावर वाकले होते. त्यांनी तुकड्यांतून हेल्मेटची समोरची काच शोधून काढली, तिच्यावर थुंकले आणि शर्टाच्या टोकाने पुसून उजेडाकडे धरली.

"ही मात्र चांगली राहिलीय," ते म्हणाले.

तिने नवऱ्याला फोन लावला आणि मला न्यायला येताना तुझं हेल्मेट घेऊन ये म्हणून सांगितलं. मग तो येईपर्यंत ती रस्त्यावर, मोकळ्या हवेत जाऊन उभी राहिली.